आक्काची कॅसेट मी साफ केली

आमच्या घरात सीडी लिहिली जात असताना शिंकायला बंदी होती. ही बंदी मी घातली होती आणि आई-बाबा ती बिनतक्रार पाळायचे, याचं आता हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात, माझ्या कॉम्प्युटरचं टेबल होतं. ड्राइव्हमध्ये कोरी सीडी सरकवली आणि पडद्यावर ती निळी पट्टी पुढे जायला लागली की मी हात वर करायचे. मग आई मिक्सर बंद करायची, पंखा एकवर यायचा, आणि बाबा पहिल्या पाळीहून तेवढ्यात आलेले असले तर बूट दाराबाहेरच काढून चोरासारखे मोरीकडे जायचे. ड्राइव्ह आधी दम घेतल्यासारखा घरघरायचा, मग त्याचा आवाज चढत चढत एका पट्टीत स्थिर व्हायचा, आणि तो स्थिर आवाज ऐकत मी नखं खात बसायचे. त्या काळात कॉम्प्युटरकडून ड्राइव्हला माहिती सलग मिळावी लागायची. मध्ये क्षणभर जरी खंड पडला तरी सीडी कायमची वाया. एकदा आईनं चटणीसाठी मिक्सर लावला आणि नेमकी त्याच क्षणी सीडी फुकट गेली, तेव्हापासून मिक्सर माझ्या यादीत गेला. दोन्हींचा काही संबंध नव्हता हे मला पुढे कळलं, पण तोवर आई पाट्यावर वाटायला शिकली होती आणि चटणीही जास्त चांगली व्हायला लागली होती, म्हणून मी गप्प राहिले.

वाया गेलेल्या सीड्यांचा आमच्याकडे सुकाळ होता. आईनं त्या लोणच्याच्या बरण्यांखाली घातल्या, कढीपत्त्याच्या झाडाला पाखरं उडवायला बांधल्या, एक बाबांच्या स्कूटरच्या मागे लागली. आमचं घर म्हणजे एकलहऱ्याला वीजकेंद्राच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. बाबा टर्बाइनच्या देखभालीवर फिटर होते. सगळं नाशिक तेव्हा भारनियमनानं बेजार झालेलं असायचं, पंचवटीतल्या माझ्या मैत्रिणी मेणबत्तीत अभ्यास करायच्या, आणि आमच्याकडे मात्र वीज जायची नाही. तिचं माहेरच ते, असं आई म्हणायची. त्यामुळे डिप्लोमाच्या वर्गातल्या अर्ध्या मुलींचे प्रोजेक्ट माझ्या ड्राइव्हमधून बाहेर पडले. त्या दोन बसा बदलून यायच्या, आई त्यांना पोहे खिलवायची, आणि पहिली सूचना द्यायची, "आता बोलायचं नाही हं, तिचं लिहिणं चाललंय." वीज होती, पण कोळशाची बारीक पूडही होती. दांडीवरचे कपडे, खिडकीचे गज, तुळशीची पानं, सगळ्यांवर ती बसायची. आईनं आपल्या जुन्या साडीचा झालर लावलेला अभ्रा शिवून कॉम्प्युटरला घातला होता आणि तो दर गुरुवारी धुतला जायचा.

आता आक्काबद्दल सांगायला हवं. आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. सटाण्याच्या पलीकडे एका खेड्यात राहायची. बाबांची आई ते लहान असतानाच गेली, तेव्हा त्यांना वाढवलं ते आक्कानंच. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून पत्र लिहून घेणं तिला पसंत नव्हतं. घरातलं बोलणं शाळेच्या मास्तरांच्या हातून कशाला जायला हवं, असं तिचं म्हणणं. म्हणून बाबांनी तिला एक टेपरेकॉर्डर नेऊन दिला, कुठली दोन बटणं एकदम दाबायची ते शिकवलं आणि एक कॅसेट दिली. एकच. ती एक कॅसेट दहा-बारा वर्षं तिच्या घरून आमच्या घरी आणि आमच्या घरून तिच्या घरी फिरत होती. आक्का बोलायची, बाबा ऐकायचे, मग तिच्याच बोलण्यावर स्वतःचं बोलणं भरायचे आणि कॅसेट परत जायची. दुसरी कॅसेट घ्यावी, जुनं बोलणं जपून ठेवावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. पोचलेला निरोप कुणी जपतं का? गावचाच एक माणूस एसटीत कंडक्टर होता, तो ती आणायचा. बाबा स्टँडवर जाऊन घेऊन यायचे. बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, पिशवीत, बिबडे मोडू नयेत म्हणून घातलेल्या फडक्यात ती गुंडाळलेली असायची, त्यामुळे कॅसेटला कायम तीळ-लसणाचा वास. बाबा ती दुपारी ऐकायचे, मी शाळेत असताना. माझ्या वाटणीला फक्त तळलेले बिबडे यायचे आणि मला तेवढं पुरे होतं.

कॅसेट शेवटची आली तेव्हा केंद्रातल्या एका संचाची मोठी दुरुस्ती निघाली होती. बाबा एका पाळीला जोडून दुसरी करत होते. घरी येऊन जेवताना ताटावरच पेंगायचे. तसेच पेंगत त्यांनी ती कॅसेट एकदा ऐकली. "उद्या बोलतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाले. असे तीन आठवडे गेले आणि शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला की आक्का सकाळी उठलीच नाही. बाबांचं उत्तर राहून गेलं. आणि त्यामुळेच, बारा वर्षांत पहिल्यांदा, आक्काचं बोलणं कॅसेटवर तसंच राहिलं.

ती कॅसेट दोन वर्षं कपाटात, बाबांच्या रुमालात होती. त्यांनी ती पुन्हा लावली नाही. मी कॉम्प्युटरवर एवढी मिजास करते तर आक्काचा आवाज सीडीवर घेता येईल का, हे त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी, मुद्दाम माझ्याकडे न बघता विचारलं. मला आकाश ठेंगणं झालं. टेपरेकॉर्डरमधून कॉम्प्युटरमध्ये आवाज न्यायला लागणारी वायर बाबांनी स्वतः सोल्डरिंगचा डाग देऊन बनवली. स्पीकर चालू ठेवला की आवाज घुमायचा, म्हणून तो बंद ठेवून मी कॅसेट भरून घेतली. एकतीस मिनिटं. मग कॅसेट मागे फिरवायला बटण दाबलं आणि टेपरेकॉर्डरनं खर्रकन टेप गिळली. बाबांनी गॅलरीतून धावत येऊन झाकण उघडलं, तर आत चुरगळलेल्या टेपचा गुंता. हातभर, दोन हात, निघतच होती.

"आलंय ना सगळं आत?" त्यांनी विचारलं.

"सगळं," मी म्हणाले. "आता कॅसेटची गरजच नाही बाबा."

तीन सीड्या फुकट गेल्या आणि चौथी नीट लिहिली गेली. इथपर्यंत मी शहाणीच होते. पण एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मला आवाज सुधारण्याचं एक सॉफ्टवेअर मिळालं आणि तिथून माझ्या डोक्यात साफसफाई शिरली. त्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज डोंगरांसारखा दिसायचा. माणूस बोललं की डोंगर, गप्प झालं की सपाट रेघ. आक्काच्या बोलण्यात सपाट रेघाच रेघा होत्या. चार शब्द बोलायची आणि थांबायची, पुन्हा चार शब्द, पुन्हा थांबायची. मला वाटलं, बिचारीला पुढचं आठवत नसेल, किंवा बटणाकडे बघत बसली असेल. त्या जागांत नुसती खरखर होती. मी एकेक सपाट तुकडा धरून कापला. दोन संध्याकाळी बसून एकतीस मिनिटांची एकोणीस केली. आक्का आता बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी सलग बोलत होती. त्याच सीडीवर जागा शिल्लक होती, नवी सीडी कशाला खराब करा, म्हणून तिच्यावरच दुसऱ्यांदा लिहिलं, आणि कॉम्प्युटरमधली मूळ मोठी फाइल पुसून टाकली, कारण तिच्यामुळे मशीन रडत होतं. आज माझ्या हातात ते चौकोनी खोकं असतं तर मी त्यावर कपाळ आपटून घेतलं असतं.

रविवारी दुपारी ऐकायचं ठरलं. आईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं, आक्का करायची म्हणून. जेवण झाल्यावर बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. घरातच बसून ऐकायचं होतं, तरी घातला. खुर्ची स्पीकरसमोर ओढून बसले. मी बटण दाबलं.

"भाऊ, कसा शे तू?" आक्का म्हणाली. इतका स्वच्छ आवाज! बाबांचं तोंड उघडलं, पण त्यातून शब्द निघायच्या आत आक्का पुढे गेली होती. "वहिनीनी तब्येत कशी शे? पोरगी कालेजमा जास ना?" बाबांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. रस्ता ओलांडायला उभ्या राहिलेल्या माणसाला गाड्या पाऊल टाकूच देत नाहीत, तसं त्यांचं चाललं होतं. मला वाटलं, त्यांना गहिवरून आलंय. मग आक्का म्हणाली, "कव्हय येशी रे भाऊ? काम व्हई तुले. ऱ्हाऊ दे." कधी येशील, काम असेल तुला, राहू दे. एका दमात, ताडताड.

"बंद कर," बाबा म्हणाले.

मी बंद केलं. ते उठले. गॅलरीच्या दारापाशी थांबून म्हणाले, "आक्काला एवढी घाई कधीच नव्हती." थोड्या वेळानं आतून बाबा आईला विचारताना ऐकू आले, "रागावून बोलली होती का गं ती? मी अर्धवट झोपेत ऐकलं तेव्हा. मला तसं आठवत नाही. पण हे तर रागानंच बोलतेय."

मी स्वयंपाकघरात गेले आणि काय केलं ते आईला सांगितलं. आईचे हात खरकट्या ताटात तसेच राहिले. "अगं, ती थांबायची ते ह्यांच्यासाठी," ती म्हणाली. "मशीन दिलं तेव्हा ह्यांनीच सांगितलेलं तिला, की मी समोर बसलोय असं समजून बोल. मग तसंच बोलायची. विचारायची, आणि ह्यांचं उत्तर होईपर्यंत गप्प बसायची. आणि हे पण इथं बसून उत्तर द्यायचे. मी इतकी वर्षं ऐकतेय आतून. दोघं भाऊ-बहीण समोरासमोर गप्पा मारत बसल्यासारखे." मला रडू फुटलं. आई म्हणाली, "रडू नको. त्यांना सांग आधी."

बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू दे. तू चांगल्यासाठीच केलंस." ओरडले असते तर मी भांडले तरी असते. ते ओरडले नाहीत. फक्त त्या आठवड्यात एकदा चहा पिता पिता म्हणाले, "तीन आठवडे म्हणजे थोडे नव्हते. रागावली असेल तर बरोबरच आहे तिचं."

माझी मुलगी हल्ली मैत्रिणींचे आवाजी निरोप फोनवर दुप्पट वेगानं ऐकते. वेळ वाचतो म्हणते. मी तिला काही बोलत नाही. बोलायला माझं तोंड कुठं आहे? मी तर कात्रीच लावली होती.

सीडीवर आता फक्त कापलेलंच दिसत होतं, आधीचं गायब; ती घेऊन मी नाशिक रोडला जावेदभाईंकडे गेले. माझा कॉम्प्युटर त्यांनीच जोडून दिला होता. वर्गातल्या सगळ्यांना ते मोठ्या भावासारखे होते, आणि मशीन बिघडलं की आधी मशीनवर नाही, आमच्यावर चिडायचे. मी रडतरडत सगळं सांगितलं. त्यांनी सीडी उजेडात धरून तिरकी केली आणि मला म्हणाले, "इकडे बघ. ही कडा दिसते? इथपर्यंत एक रंग, पुढे जरा दुसरा. ही तुझी पहिली वेळ, ही दुसरी. अगं, सीडी म्हणजे पाटी थोडीच आहे, पुसली आणि लिहिली? एकदा कोरलं ते कोरलं. दुसऱ्यांदा लिहिताना आधीच्याला सोबत घे म्हणून सांगायचं असतं, ते तू सांगितलं नाहीस. म्हणून कॉम्प्युटर फक्त शेवटचं दाखवतो. पहिलं तिथंच आहे. समझी?"

"म्हणजे थांबलेली आक्का आहे आत?"

"असली पाहिजे. बस, बाहेर कशी काढायची ते बघू."

त्यांनी सीडी दुकानातल्या ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह तीनदा फिरला आणि म्हणाला, सीडी टाका. दुसऱ्या ड्राइव्हनंही तेच सांगितलं. "बंद पण केली नाहीस ना?" जावेदभाईंनी कपाळाला हात लावला. पुढे अजून काही लिहिता यावं म्हणून मी सीडी उघडीच ठेवली होती, शेवटचा शिक्का मारला नव्हता. "अशी उघडी सीडी परक्या ड्राइव्हला वाचता येईलच असं नाही. ज्यानं लिहिलंय त्या ड्राइव्हलाच विचारावं लागणार." एवढं बोलेपर्यंत दुकानातले दिवे गेले, पंखा फिरत फिरत थांबला, रस्त्यावर जनरेटर सुरू झाले. अंधारात जावेदभाई म्हणाले, "रविवारी मीच येतो. तुमच्याकडे लाइट जात नाही, निवांत काम होईल."

रविवारी सकाळी ते स्कूटरवर आले, पिशवीत सीड्या आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन. पण आमच्या ड्राइव्हनं त्या आठवड्यात नवंच आजारपण काढलं होतं. ट्रे अर्धा बाहेर यायचा आणि अडायचा. हातानं ढकलून आत घातला की कट् कट् आवाज, दिवा पिवळा, आणि पुढे काही नाही. गाण्यांची विकतची सीडीसुद्धा त्याला ओळखू येईना. जावेदभाईंनी वायर बदलून पाहिली, दुसऱ्या जागी जोडून पाहिलं. तासाभरानं मान हलवली. "लेन्स गेली वाटतं. नवा टाकावा लागेल. पण नवा ड्राइव्ह ही सीडी वाचेल याची गॅरंटी मी देणार नाही."

बाबा इतका वेळ पेपर तोंडासमोर धरून बसले होते. एकाच पानावर होते, ते मी पाहिलं होतं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "उघडायचा का?" त्यांनी विचारलं.

"काका, हे उघडत नाही कुणी. बदलतात."

"आमच्याकडे बदलत नाहीत," बाबा म्हणाले. "आमच्याकडे उघडतात."

तोच पेपर जमिनीवर पसरला गेला. ट्रे अडकलेला होता, तर जावेदभाईंनी पुढच्या बारीक भोकात आईची सेफ्टी पिन सरळ करून घातली आणि तो ओढून काढला. स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं आईनं ते ताटलीत मांडले, कारण बाबांच्या कामात तसंच चालायचं म्हणे. झाकण निघालं आणि बाबा हसले. आठवडाभरात पहिल्यांदा. आत, ज्या दोन रुळांवरून लेन्स पुढेमागे जाते त्यांच्यावरचं वंगण धूळ खाऊन काळं चिकट झालं होतं. आईचा अभ्रा बाहेरून कितीही धुतला तरी ड्राइव्हला श्वास घ्यावाच लागतो. "बघा," बाबा म्हणाले, "लेन्स कुठं गेलीय? तिला जाता येत नाहीये. आमच्या बेअरिंगचं हेच होतं." औषधांच्या डब्यातलं स्पिरिट आलं, कापूस आला. बाबांची बोटं माझ्या दोन बोटांएवढी जाड, एकाचं नख हातोडीनं कायमचं काळं झालेलं. त्या बोटांनी त्यांनी आगपेटीच्या काडीवर कापूस गुंडाळला, रूळ पुसले, पुन्हा नवा कापूस, पुन्हा पुसले. शेवटी मुगाच्या डाळीएवढी ती लेन्स. तिला कापूस लावताना त्यांनी श्वास धरला आणि आम्ही सगळ्यांनीच धरला. मग ते उठून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आले.

"काका, तेल नको!" जावेदभाई ओरडलेच. "लेन्सवर उडालं तर खेळ खलास."

"अरे, थेंब नाही टाकत. थेंबाची आठवण टाकतो," बाबा म्हणाले. त्यांनी सुईचं टोक तेलात बुडवलं, फडक्याला पुसलं, आणि ती जवळजवळ कोरडी सुई रुळावरून फिरवली.

झाकण लागलं, आक्काची सीडी घेऊन ट्रे आत गेला. कट् कट् झालं नाही. घुं करून आवाज चढला, दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. जावेदभाईंच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळी दिसल्या, पहिली वेळ आणि दुसरी वेळ. त्यांनी पहिलीवर बोट ठेवलं. फाइल दिसली. मोठी, पूर्ण एकतीस मिनिटांची. कॉम्प्युटरमध्ये उतरवायला घेतली तर पट्टी अर्ध्याच्या पुढे जाऊन थांबली. ड्राइव्ह वेग कमी करायचा, पुन्हा चढवायचा, पुन्हा कमी करायचा, एकच जागा परत परत वाचायचा. आतला कुकर एक शिट्टी, दोन शिट्ट्या, तीन शिट्ट्या देऊन गप्प झाला तरी पट्टी हलेना. मी मनात म्हणत होते, आता काही मागणार नाही, परीक्षेत नापास झाले तरी चालेल, एवढं येऊ दे. बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाईल पुढे. अडतंय, पण फिरतंय ना." आणि ती खरंच पुढे गेली. हळू, पण शेवटपर्यंत.

जावेदभाई लगेच लावून बघणार होते. आई म्हणाली, "नको भाऊ. आधी ह्यांना ऐकू दे." तिनं त्यांना जेवायला बसवलं. ते दोन भाकरी जास्त जेवले, जाताना मला दारात दम दिला, "दोन कॉप्या काढ, आणि या वेळी सीडी बंद कर. आणि ते साफसफाईचं सॉफ्टवेअर मला देऊन टाक."

ते गेल्यावर बाबा स्पीकरसमोर बसले. या वेळी बनियनवरच होते. मी बटण दाबून उठायला लागले तर म्हणाले, "बस."

"भाऊ, कसा शे तू?" आक्का म्हणाली आणि थांबली. खरखर सुरू झाली. पण ती नुसती खरखर नव्हती. मागे कुणीतरी विहिरीवर बादली आपटत होतं. कोंबडी बोलत होती. आक्कानं हात हलवला असावा, बांगड्या वाजल्या. मी हे सगळं कापून टाकलं होतं.

"बरा शे," बाबा म्हणाले.

"वहिनीनी तब्येत कशी शे?"

"बरी शे ती. गुडघा दुखस तिना."

"पोरगी कालेजमा जास ना?"

"जास. डिप्लोमा करी ऱ्हायनी," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून थोडं हसले. घरात ते कधीच असं बोलायचे नाहीत. आमच्याशी ते नाशिकचं बोलायचे. हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तो माझ्या बाबांपेक्षा कितीतरी लहान मुलाचा होता. आक्का विचारत होती, थांबत होती, ते उत्तर देत होते. कुठे ते लवकर संपवायचे आणि दोघं गप्प बसायचे, कुठे त्यांचं उत्तर लांबायचं आणि आक्का त्यांच्यावरून बोलायची, तेव्हा ते "थांब ना आक्का" म्हणायचे. आई दारात येऊन उभी राहिली होती.

मग ते आलं. "कव्हय येशी रे भाऊ?"

बाबा काही बोलले नाहीत. खरखर चालू होती. बादली आपटायची थांबली होती. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि ते स्पीकरकडे नाही, जमिनीकडे बघत होते. मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी म्हणावं. येतो म्हणावं, काहीही म्हणावं. आक्का वाट बघत होती. मी सॉफ्टवेअरमध्ये हीच सपाट रेघ सगळ्यात लांब म्हणून सगळ्यात आधी कापली होती. कितीतरी वेळ ती थांबली. भावाला बोलायचं असेल तर बोलता यावं एवढा वेळ, आणि त्याला बोलता येणार नसेल तर तेही कळावं एवढा. मग ती हळूच म्हणाली, समजूत काढावी तशी, "काम व्हई तुले. ऱ्हाऊ दे."

त्यात राग नव्हता. रागाचा मागमूसही नव्हता.

"हां आक्का," बाबा म्हणाले. "काम व्हतं." त्यांनी बनियननं डोळे पुसले, पण पुसून संपेनात. आईनं पदर तोंडाला लावला. आक्काचं बोलणं संपलं नव्हतं. आक्कानं घसा खाकरला, जागेवर सरकून बसल्यासारखा आवाज झाला, आणि ती म्हणाली, "गाय व्यायनी आपली, मंगळवारले," आणि थांबली.

बाबांनी नाक ओढलं. "काय झायं? गोऱ्हा का कालवड?" त्यांनी विचारलं.

"कालवड शे," आक्का म्हणाली.